डर्टसाठी हँडल-क्लॅम्प घेताय? आधी काय वाकायला पाहिजे ते ठरवा

आपल्याकडं बेळगावात गाडी डर्टला, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायला, तयार करायची म्हटलं की पहिला टायर, मग सायलेन्सर, मग लाईट, आणि हँडलची आठवण कधी येते तर पहिल्यांदा जोरात आपटल्यावर. मग दुकानात जाऊन "सगळ्यात जाड, अजिबात वाकणार नाही असलं दे" म्हणून मागायचं. अहो, न वाकणारं हँडल नावाची वस्तूच नाही. गाडी पडली की तो दणका कुठंतरी जाणारच, हँडल नाही वाकलं तर ते धरणारा क्लॅम्प फिरणार, क्लॅम्प नाही फिरला तर त्याच्या खालचा बोल्ट वाकणार, आणि तो पण लई तगडा बसवला असला तर वरच्या टीला, म्हणजे पुढचे शॉकअप वरून धरणाऱ्या पट्टीला, क्रॅक जाणार. आणि चोर्ला घाटाच्या वाटेवर कणकुंबीच्या पुढं भर पावसात टी गेला तर गाडी टेम्पोतूनच घरी येते, तिथं कोण मेस्त्री बसलेला नसतो.

म्हणून हँडल निवडायचं म्हणजे काय आधी हलावं, काय नंतर वाकावं आणि कशाला काहीच होऊ नये हे ठरवायचं. माझ्या मते क्रम असा पाहिजे: आधी क्लच-ब्रेकच्या लिव्हरची क्लॅम्पं बारवर, म्हणजे हँडलच्या नळीवर, फिरावीत, मग हँडल क्लॅम्पात नाहीतर रबर बुशवर जरा सरकावं, त्यानंतर बार वाकावा, आणि बोल्ट, टी, स्टेम (टीच्या मधला उभा दांडा) ह्यांच्या वाटेला दणका जाऊच नये. पैसे पण त्याच हिशोबानं घाला, म्हणजे भारीतला बार आणि रस्त्यावरचे क्लॅम्प असली जोडी करू नका, उलटं एक वेळ चालेल.

आता आपला भाग बघा. खानापूर, जांबोटीकडं गेलं की जांभा, वर मोकळी मुळं, चिरेखाणीच्या कडेनं सुटे दगड, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ. तिथं पुढचं चाक सारखं आडवं फेकलं जातं, म्हणजे हँडलला पिळवटल्यासारखा मार बसतो. निपाणी, चिकोडीकडं उसाच्या पाणंदीतनं ट्रॅक्टर जाऊन जाऊन चाकोरी पडलेली असते, तिथं चाक एकदा आत गेलं की हँडल हातातनं हिसकलं जातं आणि पडलं तर एका बाजूचं टोक सरळ बांधात घुसतं. बैलहोंगल, सौंदत्तीकडची काळी माती त्या मानानं मऊ, पडलं तरी मार कमी लागतो पण चिखल इतका चिकटतो की गाडी उचलताना हँडलवरच सगळा जोर येतो. (भीमगडचं जंगल २०११ पासून अभयारण्य आहे, तिकडं आत गाडी घालायचीच नाही, हँडल कसलं पण असू दे.) तर तुम्ही जास्त कुठं फिरता ते आधी बघा. दगडात फिरणाऱ्याला रबर माउंट आणि बंद हँडगार्ड लागणार, पाणंदीत फिरणाऱ्यानं रुंदी आणि क्लॅम्पची पकड बघावी.

माप

बाजारात दोनच मापं चालतात. एक २२.२ मिमीचा बार, सगळीकडं सारखीच जाडी, वर बहुतेक आडवी दांडी म्हणजे क्रॉसबार असतो. दुसरा २८.६ मिमीचा, ह्याला फॅट बार किंवा टेपर्ड म्हणतात, मध्ये क्लॅम्पपाशी जाड आणि टोकाकडं बारीक होत परत २२.२ वरच येतो, त्यामुळं ग्रिप, लिव्हर, स्विच सगळं जुनंच बसतं. कुठला तगडा हे साधं गणित आहे, नळीची भिंत तेवढीच जाड धरली तर २८.६ ची वाकण्याविरुद्धची ताकद २२.२ च्या साधारण दीडपटीच्या वर जाते आणि ताठपणा दुपटीच्या आसपास. म्हणून तर त्याला क्रॉसबार लागत नाही. १९९१ मध्ये प्रोटेपरनं असला बिनदांडीचा जाड बार बाजारात आणला आणि मग सगळेच त्या वाटेला लागले.

पण म्हणून २२.२ वाईट असं काही नाही. क्रॉसबार असलेला चांगला २२.२ चा बार आपल्या पायवाटांना भरपूर झाला, पडल्यावर तो जरा लवचिकपणे मार घेतो आणि मनगटाला पण कमी झटका देतो. अडचण एकच, क्रॉसबारचे छोटे क्लॅम्प सैल पडतात, ते तपासत राहायचं. केटीएम ३९० ॲडव्हेंचरसारखी गाडी असेल तर टेपर्ड बार कंपनीकडूनच येतो, बाकी गाड्यांचं ऐकीव सांगण्यावर जाऊ नका, व्हर्नियर घेऊन क्लॅम्पपाशी माप घ्या. व्हर्नियर नसला तर बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, कुठल्याही लेथवर दोन मिनिटात मोजून देतात. आणि २२.२ च्या क्लॅम्पाला आतनं घासून २८.६ बसवणं, नाहीतर २८.६ च्या क्लॅम्पात पत्रा गुंडाळून २२.२ घट्ट करणं, हे दोन्ही उद्योग करू नका. ह्यासाठी वेगळे कन्व्हर्जन क्लॅम्प मिळतात.

धातू

स्टीलचं हँडल स्वस्त, ताठ आणि इमानदार. म्हणजे काय, ते वाकतं पण बहुतेक तुटत नाही, वाकलेलं डोळ्याला दिसतं आणि घरापर्यंत आणतं. नवीन शिकणाऱ्यानं, यामाहा आरएक्सवर शेतात उड्या मारणाऱ्यानं, स्टीलच घ्यावं, वाकलं की नवीन टाकायचं, पैसे पण जास्त जात नाहीत. फक्त टोकं उघडी ठेवू नका, आपल्याकडचा पाऊस आत शिरला की नळी आतनं गंजते आणि बाहेरून क्रोम चकाचक दिसत राहतो.

ॲल्युमिनियममध्ये तीन नंबर ऐकायला मिळतात, त्यातलं टी६ म्हणजे उष्णता देऊन कडक केलेला. ६०६१-टी६ हा साधा, सहज मिळणारा, त्याची ताकद साध्या स्टीलच्या जवळपास. २०१४-टी६ त्याच्या दीडपट आणि ७०७५-टी६ जवळजवळ पावणेदोनपट. पण ताकद जास्त म्हणजे सगळंच चांगलं असं होत नाही, ७०७५ ला वेल्डिंग मानवत नाही, ओरखडा पडला की तिथनं क्रॅक धरायची सवय असते आणि ॲनोडायझिंग निघालं तर पाण्या-मिठाला पण लवकर बळी पडतो. चोर्ला उतरून गोव्याच्या किनाऱ्याला सारखं जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

नुसतं "सेव्हन्टी सेव्हन्टी फाईव्ह" छापलेलं बघून भुलू नका. नामवंत ब्रँडचं स्टिकर मारून गल्लीत तयार झालेले बार खच्चून मिळतात. हातात घेऊन बघा, टोकातनं आत बोट घालून भिंतीची जाडी सगळीकडं सारखी लागते का, क्लॅम्पच्या जागेवरची खरखरीत जाळी म्हणजे नर्लिंग स्वच्छ आणि उथळ आहे का, वाकवलेल्या जागी नळी चपटी झाली आहे का. बाकाशी चपटी दिसली की तो बार तिथंच ठेवायचा आणि दुकानातनं बाहेर पडायचं, मग किंमत निम्मी का असेना.

आकार

ह्याच्यावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात आणि पाठ सगळ्यात जास्त ह्याच्यामुळंच दुखते. बारच्या कागदावर चार आकडे असतात, रुंदी, उंची, टोकाची चढण आणि मागं किती वळलाय ते. डर्टचे बार साधारण ७८० ते ८२० मिमीच्या आसपास रुंद असतात. रुंद बारनं चाकोरीत गाडी धरायला जोर मिळतो पण काजूच्या बागेतनं, दोन झाडांच्या मधनं जायचं असलं तर तीच रुंदी बोटं फोडते. कापता येतो, पण एका वेळी प्रत्येक बाजूनं पाच मिमीच कापा, चालवून बघा, मग परत. कापल्यावर जोडता येत नाही.

आकार ठरवायचा तर गाडी कुणाला तरी सरळ धरायला सांगून फुटरेस्टवर उभं राहायचं. गुडघे जरासे वाकलेले, कमरेतनं थोडं पुढं, कोपरं बाहेर. आता हात आपोआप जिथं येतात तिथं ग्रिप पाहिजे. पाठीत वाकून ग्रिप धरावं लागलं तर उंची कमी पडतेय, खांदे वर चढले तर जास्त झाली. उंच माणूस आणि ठेंगणा माणूस एकच हँडल वापरून दोघं खूश, असं होत नाही, म्हणून मित्राच्या गाडीला जे बसलंय तेच आपल्याला पाहिजे हा हट्ट नको.

क्लॅम्प, आणि उद्यमबागेतला लेथवाला

इथं जरा थांबा, कारण हँडल कितीही भारी असलं तरी ते ह्या दोन तुकड्यांनीच धरलेलं असतं.

कंपनीच्या बहुतेक गाड्यांत क्लॅम्पचा खालचा भाग वरच्या टीमध्ये रबर बुशवर बसतो आणि खालून नट. हे रबर व्हायब्रेशन खातं, शिवाय पडल्यावर थोडं पिळवटून दणका पण खातं. घट्ट, बिनरबराचा माउंट टाकला तर पुढचं चाक काय करतंय ते हाताला नेमकं कळतं पण तासाभरात बोटं बधिर होतात. मला विचाराल तर पायवाटा आणि दगडांना रबरच, फक्त चांगल्या कडक रबराचं. जुनं झालेलं रबर कसं ओळखायचं तर पुढचा ब्रेक दाबून हँडल मागं-पुढं हलवा आणि क्लॅम्पच्या बुडाशी बघा, बुडाला रबरातनं डुलताना दिसलं की बुश बदला. पण आधी टाकी धरून कोनसेट, म्हणजे हँडल फिरतं तिथलं बेअरिंग, हलतोय का तेही बघून घ्या, दोन्हीचा खडखडाट हाताला सारखाच लागतो.

दोन सुटे वरचे क्लॅम्प आणि दोघांना जोडणारी एकच पट्टी, ह्यात पट्टीवालाच घ्या. सुटे क्लॅम्प पडल्यावर एकमेकांपासून वेगळे फिरतात, अखंड पट्टी दोघांना एका रेषेत धरून ठेवते.

आता बेळगावात राहायचं आणि क्लॅम्प बाहेरून कशाला मागवायचा, उद्यमबाग आहे की, असं सगळ्यांना वाटतं आणि ते बरोबरच आहे. सीएनसी पाहिजे, साधा लेथ-मिलिंग पाहिजे, सगळं तिथं मिळतं. पण नमुना टेबलावर ठेवून "असाच करून द्या मामा" एवढंच सांगितलं तर मामा भंगारातला कुठला तरी ॲल्युमिनियमचा ठोकळा उचलणार आणि विचारलं तर म्हणणार, "ॲल्युमिनियमच की हे, ह्याला काय हुतंय?" ओतलेला ठोकळा असला तर होतंय, आत भोकं असतात आणि पहिल्याच दणक्याला कचकन तुटतो. म्हणून माल आपण द्यायचा, ६०६१-टी६ ची पट्टी, बिलासकट, टेस्ट सर्टिफिकेट मिळालं तर अजून चांगलं.

मग दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. पहिली, वरचा-खालचा तुकडा एकत्र बोल्टनं आवळून, मध्ये अर्ध्या-एक मिमीचा पत्रा घालून मगच भोक बोअर करायचं. नंतर पत्रा काढला की दोन तुकड्यांत फट राहते आणि आवळल्यावर बार सगळीकडून सारखा धरला जातो. पत्रा न घालता बोअर केला तर दोन तुकडे आधी एकमेकांना टेकतात आणि बार आत सैलच, मग माणूस बोल्ट अजून आवळतो आणि आटे जातात. दुसरी, डावी-उजवी दोन्ही भोकं एका सेटिंगमध्ये, एका रेषेत. एक जरी तिरकं गेलं तर आवळतानाच बारला बाक येतो, गाडी न पडता. शेवटी बोअरच्या कडा गोल करून घ्यायच्या, धार राहिली तर ती बारला कापत बसते आणि बार तुटला की बरोबर क्लॅम्पच्या कडेलाच तुटलेला सापडतो.

करून आणला की पर्मनंट मार्करनं बारच्या क्लॅम्पच्या जागेवर रेघोट्या मारा, क्लॅम्प बसवून आवळा, सोडा आणि उघडून बघा. शाई क्लॅम्पात सगळीकडं उमटली तर पकड चांगली, नुसत्या दोन रेषांवर उमटली तर परत मामाकडं.

बोल्ट ८.८ ग्रेडच्या, म्हणजे ताकदीच्या नंबराच्या, खालचा नको, डोक्यावर नंबर कोरलेला असतो तो वाचा. ॲल्युमिनियमात आटे कमीत कमी बोल्टच्या जाडीच्या दीडपट खोल बसले पाहिजेत, म्हणजे एम८ ला १२ मिमी. हार्डवेअरमधनं आटे पाडलेला रॉड आणून कापून बोल्ट म्हणून घालणारे पण बघायला मिळतात, त्यांच्या मागनं गाडी चालवू नका एवढंच सांगतो.

रायझर

उंच माणसांना उभं राहून चालवायला रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारा तुकडा, लागतोच, हिरोच्या एक्सपल्सच्या रॅली किटमध्ये पण हँडल रायझर दिलेला असतो. पण २० ते ३० मिमीच्या वर जाऊ नका. माउंट जितका उंच तितका खालच्या बोल्टवर पिळवटणारा जोर जास्त, ३० चा ६० केला की तो जोर दुप्पट. शिवाय साधा रायझर शॉकअपच्या तिरकेपणातच वर जातो, २७ अंशाचा रेक (म्हणजे तो तिरकेपणा) असेल तर ३० मिमीचा रायझर हँडलला साधारण २७ मिमी वर आणि १४ मिमी मागं आणतो. काहींना ते बरं वाटतं, काहींचे गुडघे वळणावर हँडलला लागतात. एकावर एक दोन रायझर रचणं तर नकोच.

लावल्यावर हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं वळवून बघायचं. क्लच वायर ताणते का, ब्रेकचा पाईप कुठं टांगून राहतो का, वायरिंगचा गुच्छा टीमध्ये चेमटतो का. गाडी चालू ठेवून न्यूट्रलमध्ये हँडल वळवा, आरपीएम वाढला तर रेसची केबल ताणतेय, ती वाट बदलून घ्या नाहीतर लांब घाला. हे घरातच बघायचं, घाटातल्या वळणावर आपोआप रेस झाली तर सावरायला वेळ मिळत नाही.

बसवणं

नर्लिंग आणि क्लॅम्प पेट्रोलनं नाहीतर थिनरनं पुसून कोरडं करा, ग्रीस-ऑईल अजिबात नको. बार मध्ये आहे का ते दोन्ही टोकांपासून टेपनं मोजा. फिरवण्याचा कोन ठरवताना आधी बारचा चढ साधारण शॉकअपच्या रेषेत ठेवायचा आणि तिथनं थोडं मागं-पुढं. कंपनीच्या क्लॅम्पवर बाण किंवा ठिपका असला तर तो पुढच्या बाजूला येतो आणि बऱ्याचदा पुढचे बोल्ट पूर्ण आवळून मग मागचे आवळायचे असतात. खूण नसली तर चारी बोल्ट तिरक्या क्रमानं, थोडे थोडे, पुढची-मागची फट सारखी ठेवत. एम८ ला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर चालतं पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच शेवटचा. टॉर्क रेंच नसला तर मित्राचा आणा, बेळगावचा केए-२२ असो की कोल्हापूरचा एमएच-०९, ग्रुपमध्ये एकाकडं तरी असतोच. पाइप घालून पाना लांब करून आवळणं म्हणजे आटे काढायची तयारी.

क्लच-ब्रेकच्या लिव्हरची क्लॅम्पं मात्र पार आवळू नका. खाली टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या आणि बोल्ट एवढाच आवळा की चालवताना हलणार नाही पण हातानं जोर लावला की फिरेल. पडल्यावर लिव्हर फिरतं, तुटत नाही.

हँडगार्ड घ्यायचा तर ॲल्युमिनियमच्या पट्टीचा, दोन्हीकडं धरलेला, बंद. नुसतं प्लास्टिक असतं ते वारा आणि चिखल अडवायला, दगडाला नाही. पण ध्यानात ठेवा, बंद गार्ड लावला की टोकावरचा सगळा मार थेट बारला जातो, म्हणून स्वस्तातल्या पातळ बारला भारी गार्ड लावला तर गार्ड शाबूत आणि बारचा धनुष्य. टोकाच्या आतला फुगणारा प्लग पण नीट बसलेला पाहिजे, सैल असला की थ्रॉटलची बाही अडकते. ग्रिपला गोंद आणि वर बारीक स्टीलची तार, तारेचं टोक तळहाताच्या विरुद्ध बाजूला दुमडून, पावसात ग्रिप फिरायचा बंद होतो.

पडल्यावर

हँडल वाकडं दिसलं की लगेच बार गेला म्हणू नका. बऱ्याचदा शॉकअप टीमध्ये पिळवटलेले असतात, नाहीतर रबर बुश एका बाजूला दबलेलं असतं. टी आणि ॲक्सलचे बोल्ट जरा सैल करून, पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ झटकलं की बहुतेक वेळा जागेवर येतं, मग परत आवळायचं, ॲक्सलच्या क्लॅम्पचा बोल्ट सगळ्यात शेवटी आणि त्याच्या आधी शॉकअप दोन-चार वेळा दाबून.

तरी वाकडं राहिलं तर बार बघा. स्टील असेल आणि थोडंच वाकलं असेल तर हळूहळू चालवत घरापर्यंत आणा आणि बदला. ॲल्युमिनियम सरळ करायचा प्रयत्नच नको, पाइपात घालून तर नाहीच, गरम करून तर त्याहून नाही, गरम केलं की टी६ ची ताकद तिथंच गेली. वेल्डिंगवाल्याकडं नेऊ नका. क्लॅम्प सोडून बार बाहेर काढा, नर्लिंगच्या दोन्ही कडा कापडानं पुसून उजेडात नखानं घासून बघा, नख अडकलं की तो बार भंगारात, दिसायला कितीही सरळ असो. सेकंडहँड बार घेताना पण हेच करायचं, आणि विकणारा बार गाडीवरून काढून दाखवायला तयार नसला तर घ्यायचा नाही.

नवीन बसवलेलं सगळं पहिल्या राईडनंतर परत टॉर्कला लावा, रबर दबतं, रंग दबतो, बोल्ट थोडे सैल पडतातच. पुढं पावसाळ्यात प्रत्येक धुण्याच्या वेळी एलन की हातात घेऊन एकदा फिरवून बघायची.